सुरुवातीचे अमेरिकन मोठे सेंट: १८०४चा ६०० डॉलरला आणि १७९८चा ‘आर-५’ ४५० डॉलरला, घ्यावेत का?

पिंपळपान (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. अमेरिकन टाकसाळीच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांतली तांब्याची नाणी, म्हणजे १७९३ ते १८१४चे मोठे सेंट, जमवायला सुरुवात करायची आहे. वर्षाला साधारण २,००० डॉलर बाजूला काढता येतील. एका डीलरकडे दोन नाणी पाहून ठेवली आहेत. दोन्ही सुटी आहेत, स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत) नाहीत.

पहिलं १८०४चं. भरपूर झिजलेलं, पण तारीख वाचता येते. मागची पानांची माळ निम्मी पुसलेली, एका बाजूला हिरवट डाग. वजन १०.३१ ग्रॅम, किंमत ६०० डॉलर.

दुसरं १७९८चं. गडद तपकिरी, हाताला गुळगुळीत, केसांच्या बटा बऱ्यापैकी शाबूत. वजन १०.५२ ग्रॅम, किंमत ४५० डॉलर. पाकिटावर ‘दुर्मीळ व्हरायटी, आर-५’ एवढंच लिहिलंय, व्हरायटीचा क्रमांक नाही.

अडतंय ते असं. १७९८ साली अठरा लाखांवर सेंट पाडले गेले, मग त्यातलं एखादं ‘दुर्मीळ’ कसं? उलट १८०४चा सेंट यादीत आर-२ दाखवतात, म्हणजे तसा मिळणारा, तरी भाव चढा. हे गणित कसं लावायचं? खरं-खोटं घरी किती तपासता येतं? हिरवा डाग काढावा का? आणि पुढेमागे संग्रह पुण्याला न्यायचा झाला तर आधी काय बघून ठेवावं?

नाणेघाट

‘दुर्मीळ’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या सुट्या केल्या की भावाचं कोडं सुटतं.

पहिली गोष्ट सालाची. टाकसाळीच्या नोंदीतला आकडा म्हणजे त्या कॅलेंडर वर्षात किती नाणी बाहेर पडली तो आकडा, त्यांच्यावर कुठलं साल होतं ते त्यातून कळत नाही. डाय (ठसा मारायचा पोलादी साचा) महाग होता, पोलाद चांगलं मिळत नव्हतं, त्यामुळे डाय फुटेपर्यंत वापरायचे. १८०४ साली १९,५७० चांदीचे डॉलर पाडल्याची नोंद आहे, आणि त्या सगळ्यांवर १८०३ किंवा त्याआधीचं साल होतं. ‘१८०४’ असं साल असलेले जे डॉलर आज जगात आहेत ते १६, आणि त्यातला एकही १८०४मध्ये पाडलेला नाही. पहिले आठ १८३४-३५च्या सुमारास मस्कतचा सुलतान, सयामचा राजा अशांना द्यायच्या नजराण्याच्या पेट्यांसाठी तयार झाले. (त्या पेट्या घेऊन निघालेलं पीकॉक हे जहाज मस्कतनंतर मुंबईलाही थांबलं होतं.) म्हणून ‘मिंटेज (पाडलेल्या नाण्यांची संख्या) कमी, नाणं दुर्मीळ’ हा हिशोब सुरुवातीच्या काळाला जसाच्या तसा लावू नका.

दुसरी गोष्ट व्हरायटीची. फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत डायवर डोक्याचा ठसा हबने (उठावाच्या मूळ साच्याने) उठवायचे, पण अक्षरं, आकडे, पानं, बेरी हे सगळं एकेका पंचने (टोकाला आकार कोरलेल्या पोलादी खिळ्याने) हाताने ठोकायचे. त्यामुळे दोन डाय कधीच तंतोतंत एकसारखे झाले नाहीत. पुढचा एक डाय आणि मागचा एक डाय यांची प्रत्येक जोडी म्हणजे एक व्हरायटी. विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये १७९३ ते १८१४च्या सेंटांना जे क्रमांक दिले ते एस-१ पासून एस-२९५ पर्यंत जातात. ज्यांचे जेमतेम दोन-तीन नमुने तेव्हा माहीत होते त्यांना त्यांनी ‘एनसी’, म्हणजे जमवण्याजोगं नाही, असं वेगळं नाव दिलं. एकट्या १७९८च्या वाट्याला एस-१४४ ते एस-१८७ असे ४४ क्रमांक आहेत. अठरा लाखांतलं बरंचसं उत्पादन त्यातल्या काही टिकाऊ जोड्यांनी दिलं. एखादा डाय थोड्याच नाण्यांनंतर तडकला असेल तर ती जोडी आज आर-५ किंवा आर-६.

त्या ‘आर’चा अर्थ नीट पाठ करून ठेवा. सर्व अवस्थांत मिळून आज किती नमुने शिल्लक असतील याचा तो अंदाज आहे. आर-१ म्हणजे हजाराच्या वर, आर-२ म्हणजे ५०१ ते १,०००, आर-३ म्हणजे २०१ ते ५००, आर-४ म्हणजे ७६ ते २००, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आणि आर-८ म्हणजे तीन किंवा त्याहून कमी.

आता तुमचं कोडं. १८०४चा सेंट एकाच जोडीचा आहे, एस-२६६. पाचशेच्या वर नमुने उरलेत, म्हणून आर-२. पण सालवार संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला १८०४ हवाच असतो आणि त्याला दुसरा पर्याय नाही. १७९८चं मात्र कुठलंही नाणं लावलं की सालाची खाच भरते. तिथल्या आर-५साठी झुंजतात ते फक्त व्हरायटी जमवणारे, आणि ते मूठभर आहेत. म्हणजे आर हा आकडा फक्त पुरवठा सांगतो, मागणीची बाजू तुम्हाला स्वतः जोडायची असते. १७९९चंही तसंच: दोन व्हरायटी, १७९८च्या ८वर ९ ठोकलेली एस-१८८ आणि साधी एस-१८९. एस-१८९ काही अशक्य दुर्मीळ नाही, पण झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यालाही हजारो मोजावे लागतात.

तिसरी गोष्ट अवस्थेची, आणि तांब्यात माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी. १८०८ ते १८१४चे ‘क्लासिक हेड’ सेंट घ्या. त्या वर्षांतलं तांबं मऊ, म्हणून नाणी लवकर झिजली, काळवंडली, सच्छिद्र झाली. १८०९ किंवा १८१४चं नाणं म्हणून हवं तर आठवड्यात मिळेल. गुळगुळीत, चॉकलेटी, बिनडागाचं हवं असेल तर थांबायची तयारी ठेवा.

आता सरळ बोलायचं तर, क्रमांक न लिहिता नुसतं ‘आर-५’ लिहिणाऱ्या डीलरला त्या आर-५चे पैसे देऊ नका. ज्याला व्हरायटी ओळखता आली तो क्रमांक लिहितोच.

भिंगवाला

१८०४च्या नाण्याचं आधी बघा, कारण ६०० डॉलरला सुटा १८०४ म्हटल्यावर पहिली शंका तारीख बदलल्याचीच घ्यायची. १८०१ किंवा १८०३चं खरं नाणं घेऊन शेवटचा आकडा कोरून ४ करणं हा दीडशे वर्षं जुना उद्योग आहे. अशा नाण्याचं वजन, धातू, कडा सगळं बरोबरच येणार, कारण नाणं अस्सल आहे, खोटा आहे तो फक्त एक आकडा. तेव्हा १०.३१ ग्रॅमवर विसंबू नका.

चाचणी बोटांनी करता येते. तारखेतल्या शून्यावर अंगठा ठेवा आणि त्याच जागी पाठीमागे तर्जनी टेकवा. चिमूट तशीच धरून नाणं उलटं करा. खऱ्या १८०४मध्ये तर्जनीखाली मागच्या बाजूच्या ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’मधल्या ‘ऑफ’चा ‘ओ’ यायला हवा, शून्याच्या पाठीला ओ. तो एकच डाय, एकच जोडी, त्यामुळे ही जागा ठरलेली आहे.

दुसरी खूण डायच्या तडकण्याची. १८०४ची बरीच नाणी फुटलेल्या डायची आहेत: पुढच्या बाजूला ‘लिबर्टी’च्या शेवटच्या आर, टी, वाय या अक्षरांवर काठाला धातूचा उंचवटा, आणि मागे ‘अमेरिका’मधल्या एम, ई, आर, आय, सी या अक्षरांवर तसाच. नाणं कितीही झिजलं तरी काठाचा तो गोळा हाताला लागतो. सुरुवातीच्या अवस्थेत तो नसतो, म्हणून नसला तर लगेच खोटं म्हणायचं नाही. असला तर मात्र बरंचसं काम झालं.

मग दहापट भिंग आणि तिरपा उजेड. टेबललॅम्प नाण्याच्या पातळीला आणा, वरून मारू नका. पंचने उठवलेल्या आकड्याभोवती पृष्ठभाग सलग चढत जातो. कोरून बदललेल्या आकड्याभोवती उथळ खळगा दिसतो, बारीक ओरखडे एकाच दिशेने जातात आणि तेवढ्याच भागाचा रंग जरा वेगळा पडतो. हिरवट डाग नेमका तारखेजवळ असेल तर तो कशाला झाकतोय हेही बघा.

‘१८०४ रीस्ट्राइक’ असाही एक प्रकार आहे. टाकसाळीने भंगारात काढलेले गंजके डाय वापरून १८६०च्या सुमारास खासगी लोकांनी ते पाडले. पुढचा डाय १८०३चा, तारीख बदललेली. मागचा डाय १८२०चा, म्हणजे माळच वेगळ्या घडणीची. पृष्ठभाग पुरळ उठल्यासारखा खडबडीत असतो. ते जमवणारेही आहेत, पण भाव अर्थातच एस-२६६चा नाही.

१७९८ ओळखायची रीत अशी. एकदम ४४ फोटो चाळत बसू नका, गाळणी लावत जा. आधी केस: खांद्याजवळ खाली एक जादा बट आहे की नाही, त्यावरून पहिली आणि दुसरी शैली वेगळी होते. मग तारखेतला ८ मोठा की लहान. मग मागे वळा: माळेच्या डाव्या आणि उजव्या फांदीवर बेरी किती ते वेगवेगळं मोजा, देठांची लांबी बघा, ‘१/१००’ या अपूर्णांकातली आडवी रेघ कुठल्या आकड्यापासून सुरू होऊन कुठे संपते ते बघा. एवढ्यात बहुतेक वेळा तीन-चार क्रमांक उरतात. शेवटचा निवाडा पुढच्या बाजूच्या अंतरांवर: १ आणि ७ मधलं अंतर, शेवटचा ८ छातीला भिडतो का, ‘लिबर्टी’चं कुठलं अक्षर केसांच्या टोकाच्या नेमकं वर येतं. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या लिलाव कंपन्यांचे जुन्या लिलावांचे फोटो घरबसल्या बघता येतात, त्यांच्याशी ताडून पाहा. डोळा बसेपर्यंत एका नाण्याला संध्याकाळ गेली तरी चालेल.

सराव करायचा असेल तर १८०१चा एस-२१९ घ्या. त्याच्या मागच्या बाजूला एकाच डायवर तीन चुका आहेत: अपूर्णांकात १०० ऐवजी ०००, माळेचं एक देठ गायब, आणि ‘युनायटेड’चा ‘यू’ आधी उलटा ठोकून मग सुधारलेला, त्यामुळे तिथे दोन ‘आय’ उभे असल्यासारखे दिसतात. शून्यावर शून्य ठोकणाऱ्या त्या कारागिराचा हात पंच उचलून परत खाली येतोय, हे भिंगातून अक्षरशः दिसतं. नाणं आर-२, साध्या अवस्थेत तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतं.

ओलं_तांबं

१७९८बद्दल एक धोका वर आलेला नाही. २०१५च्या आसपासपासून चीनमध्ये पाडलेले बनावट सेंट आणि हाफ सेंट बाजारात आहेत, आणि त्यात १७९८चा एस-१५८ आणि १८०६चा हाफ सेंट हे ठळक आहेत. ओतीव नाहीत, डायने पाडलेले आहेत. काही तर नावाजलेल्या ग्रेडिंग कंपन्यांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसले. वजन, व्यास, रंग सगळं पटण्याजोगं.

पकडायचे कसे, ते समजून घ्या. बनवणारा एक खरं, वापरलेलं नाणं घेतो आणि त्यावरून डाय तयार करतो. त्या मूळ नाण्याला दीड-दोनशे वर्षांत बसलेले पोचे आणि ओरखडेही डायमध्ये उतरतात, आणि मग प्रत्येक बनावट नाण्यावर तेच पोचे त्याच जागी येतात. म्हणून नियम असा: उठावाची रेघ, म्हणजे डायला गेलेला तडा किंवा ओरखडा, दोन नाण्यांवर सारखी असणं साहजिक आहे. खोलगट पोचा दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी असणं अशक्य आहे. तुमच्या १७९८च्या पुढच्या मोकळ्या भागातले तीन ठळक पोचे कागदावर मांडा, त्याच व्हरायटीचे लिलावातले पंधरा-वीस फोटो काढा आणि शोधा. एक जरी पोचा दुसरीकडे भेटला तरी नाणं परत.

वजन आणि घनता ही त्याच्या आधीची गाळणी. १७९३पासून १७९५पर्यंतचे जाड सेंट २०८ ग्रेन, म्हणजे १३.४८ ग्रॅम. तांबं महाग झाल्यावर १७९५च्या अखेरीस वजन १६८ ग्रेनवर, १०.८९ ग्रॅमवर आणलं. बहुतेक जाड नाण्यांच्या कडेवर ‘डॉलरला शंभर’ अशा अर्थाचा लेख असतो, बहुतेक पातळ नाण्यांची कडा साधी. १७९८ला कडेवर अक्षरं दिसली तर तिथेच थांबा. झिजलेला १७९८ दहा ग्रॅमच्या थोडं वर असणं योग्य, तेव्हा तुमचे १०.५२ बसतात.

घनतेसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने हवेतल्या वजनाला भागा. १०.५२ला साधारण १.१८ यायला हवं, भागाकार ८.९ च्या जवळपास. ८.५च्या खाली गेला तर पितळेसारखा मिश्रधातू समजा. पाणी उकळून गार केलेलं वापरा, नाहीतर बुडबुडे चिकटून आकडा फसवतो. आणि घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं ठरलं असं नव्हे, तांबं बनवणाऱ्यालाही मिळतंच.

डागाचं. आधी हिरवं कुठल्या जातीचं ते ओळखा. मऊ, चिकट, पोपटी असेल तर ते जुन्या पीव्हीसी पाकिटाचं आहे. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन, हार्डवेअरच्या दुकानातलं, नेलपॉलिश काढायचं नव्हे. दहा मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये एकदा. चोळायचं नाही, पुसायचं नाही, उभं करून आपोआप वाळू द्यायचं. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. तांब्याला अॅसिटोनपेक्षा झायलीन बरं असं मानणारे खूप आहेत, मीही त्यातलाच, पण त्याची वाफ जास्त वाईट, हातमोजे लागतातच.

कडक, खरखरीत, जमिनीत रुतल्यासारखं हिरवं असेल तर तो गंज. तो द्रावणाने विरघळत नाही. मिनरल ऑइलमध्ये आठवडाभर भिजवून मऊ करायचा आणि भिंगाखाली काट्याच्या टोकाने टवका-टवका उचलायचा. तिकडचे जुने संग्राहक गुलाबाचा काटा वापरतात, बाभळीचाही उत्तम चालतो. टोक तांब्यापेक्षा मऊ असल्याने नाण्याला ओरखडा जात नाही. सुई, टाचणी, ब्लेड यांना हात लावू नका. गंजाखाली खळगा असणारच, तो भरून येत नाही, तेव्हा काढल्यावर नाणं जास्त वाईट दिसेल अशीही तयारी ठेवा.

आणि हे कळकळीने सांगतो: चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. देवघरातली तांब्याची पळी त्याने लख्ख होते ते बरोबर आहे, पण तो लख्खपणा म्हणजे वरचा थर गेलेला असतो. मोठ्या सेंटाची सगळी किंमत त्या दोनशे वर्षांच्या तपकिरी थरात आहे. तो एकदा गेला की गुलाबी पडलेलं तांबं परत कधीच तसं होत नाही, आणि जाणकाराला ते दोन फुटांवरून कळतं. ऑलिव्ह तेलही महिनोन्‌महिने नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

पिंपळपान

मनापासून आभार. डीलरकडे जाऊन चिमटीची चाचणी केली. शून्याच्या पाठीला ‘ओ’ नाही, ‘स्टेट्स’चा शेवटचा ‘एस’ येतो. काठाला उंचवटाही नाही. तिरप्या उजेडात ४च्या डाव्या बाजूला एक मळकट घळ दिसते. १७९८चे फोटो काढून आणलेत, माझ्या मोजणीने मागे दोन्ही फांद्यांवर मिळून बेरी मोजता येतात पण एक पुसलेली वाटते.

आणखी एक विचारतो. सुटं घ्यावं की स्लॅबमधलं? १७९८सारखंच एक दुसरं नाणं स्लॅबमध्ये ‘व्हीएफ डिटेल्स’ (नक्षी ‘व्हेरी फाइन’ इतकी, पण नाण्यात दोष) म्हणून ३०० डॉलरला आहे.

भिंगवाला

१८०४ सोडा. एकट्या ‘ओ’वर निकाल द्यायचा नसतो, डाय थोडा फिरलेलाही असू शकतो, पण ओ नाही आणि ४ला घळ, हे दोन्ही एकत्र आल्यावर शंकेला जागा उरत नाही. डीलरला शांतपणे दाखवून द्या. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

पुसलेल्या बेरीला देठ उरतं. झिजेत गोल भाग आधी जातो, देठाची बारीक रेघ खळग्यात टिकते. तेव्हा बेरी मोजू नका, देठं मोजा.

नाणेघाट

स्लॅबबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ग्रेडिंग कंपनी आणि जुन्या तांब्याचे जाणकार एकच नाणं दोन पद्धतींनी मोजतात. अर्ली अमेरिकन कॉपर्स हा १९६७ साली सुरू झालेला क्लब आहे, त्यांच्या पद्धतीत आधी झीज बघून धार (नक्षी किती ठळक उरली ते) ठरवतात, समजा व्हीएफ-२०. मग सच्छिद्रपणा, पोचे, काठाचे ठोके, जुनी साफसफाई यांची वजावट करून निव्वळ ग्रेड काढतात, समजा एफ-१२ (फाइन) किंवा व्हीजी-१० (व्हेरी गुड). भाव निव्वळ ग्रेडचा. स्लॅबवाले दोषी नाण्याला ग्रेड न देता ‘व्हीएफ डिटेल्स’ लिहून मोकळे होतात. त्या शब्दांत हलकासा सच्छिद्रपणाही येतो आणि तारेच्या ब्रशने घासलेलं नाणंही. म्हणून ‘व्हीएफ डिटेल्स’ला व्हीएफचा भाव देऊ नका, स्वतः वजावट करा. ‘डिटेल्स’ म्हटल्याबरोबर नाकारूही नका. खडबडीत पण प्रामाणिक, गडद पण एकसारखं असं नाणं ‘डिटेल्स’मध्ये बरंच स्वस्त पडतं. स्लॅबचं पोट (नाणं धरणारी आतली चौकट) बहुतेकदा कडा झाकतं, एवढं लक्षात ठेवा. जाड १७९३-९५ मध्ये कडेवरचं लेखन हीच ओळख असते, तिथे ते महागात जातं.

व्हरायटीची शिकार करायची तर सुटीच नाणी बघावी लागतील. स्लॅबवर बहुतेकदा साल आणि ग्रेडच असतं, क्रमांक सगळ्यांवर नसतो. म्हणून ज्याला देठं मोजता येतात त्याला साध्या भावात आर-५ सापडतो. हा शोध इतका आनंदाचा आहे की त्यासाठी पाठ दुखेपर्यंत ट्रे चाळावेत.

तुमच्या २,००० डॉलरचं मी असं करीन: वर्षाला चार-पाचच नाणी. ड्रेप्ड बस्ट (खांद्यावर वस्त्र असलेल्या लिबर्टीचा) सेंट एक, शक्य तो १८०१ ते १८०३मधला, गुळगुळीत पृष्ठभागाचा. क्लासिक हेड एक, त्यात थांबून निवडून. चांदीत कॅप्ड बस्ट (टोपी घातलेल्या लिबर्टीचा) हाफ डॉलर एक. १८०७ ते १८३६चे हे हाफ बँकांच्या तिजोऱ्यांत पोत्यांनी पडून राहिले, फिरले कमी, म्हणून चांगल्या अवस्थेत पुष्कळ मिळतात. मूळ वजन १३.४८ ग्रॅम, चांदी ०.८९२४. त्यांच्या व्हरायटींना शेल्डनसारखेच ओव्हर्टन क्रमांक असतात, कडेवर ‘पन्नास सेंट किंवा अर्धा डॉलर’ अशा अर्थाचा लेख. १८व्या शतकातल्या चांदीवर समांतर बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका. चकती जड झाली तर टाकसाळीतच कानस मारून वजन उतरवायचे, मग ठसा मारायचे. रेघ नक्षीच्या खाली दबलेली असेल तर ती टाकसाळीची, नक्षीला कापून जात असेल तर ती नंतरची इजा.

उरलेल्या पैशांतून एक टॅलबट, ॲलम अँड ली टोकन घ्या, १७९४ किंवा १७९५चं. ही न्यूयॉर्कची हिंदुस्थानशी व्यापार करणारी पेढी, टोकनवर शिडाचं जहाज आहे. टाकसाळीकडे तांबं नव्हतं तेव्हा तिने हीच टोकनं विकत घेऊन, कापून त्यावर १७९५ आणि १७९७चे काही हाफ सेंट पाडले. एखाद्या हाफ सेंटवर तिरपं धरलं की जहाजाचं शीड पुसटसं खालून वर येतं. आपल्याकडच्या संग्रहात असं नाणं असावं असं मला फार वाटतं.

सातारी_कंदी (पुणे)

पुण्याला न्यायचं तर एक कायदा आधी समजून घ्या. १९७२चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स कायदा. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्याच्या व्याख्येत पुरावशेष ठरतं, आणि व्याख्येत ते भारतातच घडलेलं असावं अशी अट नाही. असं नाणं खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १७९८चा सेंट भारतात आला की परत अमेरिकेत विकायला किंवा ग्रेडिंगला धाडणं बंद. ग्रेडिंग, व्हरायटीची खात्री, नको असलेल्या नाण्यांची विक्री, सगळं तिकडेच उरका आणि जे कायमचं ठेवायचं तेवढंच आणा. येताना कस्टम्सला जाहीर करा, बिल आणि फोटो सोबत ठेवा. शुल्काचा दर प्रवासाआधी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या, तो बदलत असतो.

आणल्यावरचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. पुण्यात एक वेळ निभावेल, मुंबई-कोकण-गोव्यात समुद्राची खारी हवा तांब्याला सोडत नाही. हातांचा घाम तेच करतो, म्हणून नाणं कायम काठाला धरायचं. प्रत्येक सेंट सुती पिशवीत, ती कागदी पाकिटात, पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी रंग बघा, बदलला की जेल ओव्हनमध्ये तापवून परत टाका. डबा लाकडी कपाटात नको, लोखंडी बरा. शेजारी रबरबँड, लोकर, डांबराच्या गोळ्या नकोत. मऊ, वास मारणारं प्लास्टिकचं पाकीट तर नकोच, तुमच्या त्या १८०४वरचा हिरवट डागही कदाचित तिथूनच आलाय.

ओलं_तांबं

डब्यात ठेवण्याआधी झायलीनने धुऊन वाळवलेल्या सेंटावर उंटाच्या केसांचा मऊ ब्रश एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा हलका फिरवा. ब्रश कोरडा हवा, आणि तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. एक जरी धुळीचा कण अडकला तरी रेघ उमटते, तेव्हा दर वेळी आधी ब्रश फुंकून भिंगाखाली बघा. १७९८च्या देठांचा फोटो टाका, पुढची बाजूही, तारीख आणि छातीचं टोक एकाच फ्रेममध्ये येईल असा.